घरच्या घरी सागवानी फडताळ: बेळगावच्या हवेचा हिशेब धरून

बेळगाव जिल्ह्यात लाकूडकाम करणाऱ्याला एकाच जिल्ह्यात दोन हवामानांशी गाठ घालावी लागते. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या आणि जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतीला हात लावला तरी ओल लागते, तर अथणी आणि रायबागच्या बाजूला उन्हाळ्यात तक्तपोसाच्या फळ्यांतून फटी दिसू लागतात. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये बसलेले असल्याने येथील लाकूड श्रावणात फुगते आणि शिमग्याच्या सुमारास आखडते. घरी हौसेने कपाट करणाऱ्याने सांध्यांपेक्षाही आधी हे फुगणे आणि आखडणे समजून घेतले पाहिजे, कारण कपाट बिघडते ते बहुधा खराब करवतीमुळे नव्हे, तर लाकडाला हलायला जागा न ठेवल्यामुळे.

मी हे माझ्या पहिल्या फडताळावरून शिकलो. त्याच्या दोन्ही बाजूंना चौदा इंच रुंदीच्या अखंड फळ्या लावल्या होत्या आणि आतून कप्प्यांसाठी आडव्या पट्ट्या सरस लावून, वर खिळे ठोकून पक्क्या केल्या होत्या. काम दिवाळीपूर्वी, हवेत दमटपणा असतानाच झाले. फेब्रुवारी संपता संपता एका रात्री नारळ फुटल्यासारखा आवाज आला आणि सकाळी पाहिले तर डावी फळी वरपासून हातभर उभी चिरलेली होती. आडव्या पट्टीने फळीला धरून ठेवले होते, आणि फळीला आखडायचे होते.

कारण साधे आहे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही; हलते ते रुंदीत. सागवान या बाबतीत शांत लाकूड मानले जाते, तरी ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने अडीच टक्क्यांच्या आसपास आखडते. घरातल्या वाळलेल्या फळीतही ऋतूगणिक ओलाव्यात चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो असे धरले, तर चौदा-पंधरा इंच रुंदीची फळी वर्षभरात साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एक सुताहून थोडी अधिक, कमीजास्त होऊ शकते. (इंचाचे आठ सूत, हे सुतारी माप येथे पुढे सर्वत्र वापरले आहे, एक सूत म्हणजे जवळपास तीन मिलिमीटर.) एवढ्याशा फरकाला विरोध केला की फळी तडकते किंवा सांधा उखडतो. म्हणून पुढे दिलेल्या फडताळात रुंद फळी कोठेही जखडलेली नाही. चौकट अरुंद पट्ट्यांची आणि तिच्या खोबणीत सैल बसणारी पॅनेले, ही जुन्या वाड्यांच्या दारांची रीतच येथे घेतली आहे.

लाकूड निवडताना बाजारात दोन भाषांत बोलावे लागते. वखारीत आपण ऐन म्हटले तर समोरचा मत्ती म्हणतो; आपला बिबळा त्याचा होन्ने, नाणा म्हणजे नंदी, जांभा म्हणजे जंबे, फणस म्हणजे हलसु आणि शिसव म्हणजे बीटे. ही नावे ठाऊक असली की भाव विचारताना घोटाळा होत नाही. पहिल्या कामासाठी सागवान महाग वाटले तरी तेच घ्यावे, असे माझे मत आहे. ते रंध्याखाली नीट येते, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही आणि ते कमी हलते. फणस हा दुसरा चांगला पर्याय आहे. त्याचा पिवळा रंग काही वर्षांत तांबूस तपकिरी होत जातो. ऐन मजबूत असले तरी तिरक्या तंतूंमुळे रंध्याखाली उखडते, शिवाय त्यातल्या टॅनिनमुळे ओलसर हवेत लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण त्याला भुंगा लवकर लागतो. सागवानातही कडेचा पांढरा भाग किडीला बळी पडतो, म्हणून फळीत पांढरी कड असेल तर ती कापून टाकावी आणि विकत घेतानाच तिचा हिशेब करावा.

जुने लाकूड मिळाले तर सर्वांत उत्तम. शहापूर, अनगोळ भागातली मंगळुरी कौलांची घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहताना निघणारे वासे आणि तुळया कित्येक दशके वाळलेल्या असतात. मात्र त्यात खिळे दडलेले असतात. करवत लावण्यापूर्वी प्रत्येक बाजूवरून चुंबक फिरवून पाहावा, नाहीतर करवतीचे दात आणि रंध्याचे पाते दोन्ही जातील.

आपल्या शेताच्या बांधावरचे सागाचे झाड तोडून लाकूड करण्याचा विचार असेल, तर कर्नाटकात १९६३चा वन कायदा आणि १९७६चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. तोडण्याची परवानगी वनखात्याकडून आधी घ्यावी आणि लाकूड हलवण्यासाठी वाहतुकीचा परवाना काढावा. चंदगडच्या पाहुण्यांकडून लाकूड आणायचे असेल तर मध्ये राज्याची सीमा येते, हे विसरू नये. वखारीतून घेतले तर पावती जपून ठेवावी.

या फडताळाला तयार मापाने जेमतेम सव्वा घनफूट लाकूड लागते. पण रंधा, काप, गाठी आणि पांढरी कड धरून सव्वादोन घनफूट घ्यावे. आणलेले लाकूड लगेच कापू नये. ज्या खोलीत फडताळ राहायचे आहे त्याच खोलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचून ठेवावे आणि फळ्यांच्या टोकांना उरलासुरला ऑइलपेंट लावावा, कारण टोकाकडून ओलावा लवकर उडून तेथे चिरा पडतात. ताज्या कापलेल्या लाकडाला इंचभर जाडीमागे वर्षभर वाळू द्यावे असा जुना ठोकताळा आहे. वखारीतले लाकूड बहुधा अर्धवट वाळलेले असते; ते किती वाळले हे ओळखण्यासाठी एका लहान फळीचे वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहून ठेवावे. लागोपाठ तीन आठवडे वजन उतरले नाही की लाकूड त्या घराच्या हवेला जुळले. येथे कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन मृग लागण्यापूर्वी संपतो. मृगाच्या सरी सुरू झाल्यावर सरसही नीट वाळत नाही आणि पॉलिशवर पांढरट धुरकटपणा येतो.

हत्यारे थोडी पण धारदार असावीत. एक आडवी करवत, सांध्यासाठी बारीक दातांची पाठीची करवत, एक रंधा, खोबण पाडण्याचा खोबणी रंधा किंवा उसने आणलेले राउटर (खोबण पाडणारे विजेचे यंत्र), पाव इंच आणि पाऊण इंच रुंदीच्या पटाश्या, मोगरी (लाकडी हातोडा), गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) आणि कडेला समांतर रेघ ओढणारा खतकस, एवढ्यावर हे काम होते. पटाशीला पंचवीस ते तीस अंशांचा कोन ठेवून ती दगडावर घासावी. हाताच्या मागच्या बाजूचे केस सहज निघाले तर धार बरोबर. धार नसलेली पटाशी जोर लावून ढकलावी लागते आणि ती घसरते तेव्हा हातातच शिरते. सागवानाचा बारीक भुसा नाकाला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून पॉलिशपेपर मारताना तोंडाला फडके बांधावे आणि हे काम अंगणात करावे.

फडताळाचे बाहेरचे माप असे: उंची छत्तीस इंच, रुंदी चोवीस, खोली चौदा. चार कोपऱ्यांना दीड इंच चौरस खांब, सव्वापस्तीस इंच उंचीचे. त्यांच्यामध्ये वर आणि खाली अडीच इंच रुंद, सहा सूत जाड आडव्या पट्ट्या. खालची पट्टी जमिनीपासून तीन इंच वर. पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांची लांबी साडेबावीस इंच, बाजूंच्या पट्ट्यांची साडेबारा. यात दोन्ही टोकांची सहा-सहा सूत कुसे, म्हणजे खांबातल्या खाचेत शिरणारी पट्टीची पातळ टोके, धरलेली आहेत. माथ्याची फळी साडेपंचवीस इंच लांब, पंधरा इंच रुंद, सहा सूत जाड; ती मागे सपाट बसते आणि पुढे इंचभर बाहेर येते.

मापे कागदावरून दर वेळी टेपने घेण्यापेक्षा एका सरळ काठीवर सर्व उंच्या एकदाच खुणावून घ्याव्यात आणि चारही खांब एकत्र बांधून त्या काठीवरून एकदम आखावेत. टेपचे टोक हलते, डोळा चुकतो, काठी मात्र प्रत्येक खांबाला तेच सांगते. आखणीपूर्वीच खांबांच्या माथ्यावर पुढचा डावा, पुढचा उजवा अशा खुणा कराव्यात. मी एकदा ही खूण न करता काम केले आणि दोन खांबांच्या खाचा उलट्या बाजूला पाडून बसलो.

सांधा खाच आणि कुसाचा. कुसू दोन सूत जाड आणि सहा सूत लांब ठेवावे. पट्टी खांबाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून एक सूत आत बसवायची, त्यामुळे खांबातली खाच बाहेरून तीन सुतांवर सुरू होऊन पाच सुतांवर संपते. हा हिशेब मुद्दाम दिला आहे, कारण एकाच खांबात दोन बाजूंनी दोन खाचा येतात आणि त्या मधोमध पाडल्या तर आत एकमेकींना भिडून खांब पोखरला जातो. वर दिलेल्या मापाने दोन्ही खाचांच्या मध्ये सूतभर लाकूड शिल्लक राहते. वरच्या पट्टीच्या कुसाची रुंदी माथ्याकडून अर्धा इंच कमी करावी आणि खाचा पाडून होईपर्यंत खांब वरून इंचभर जास्तच ठेवावा. तसे केले नाही तर पटाशीच्या शेवटच्या ठोक्याला खांबाचे टोक फाटते. जास्तीचा इंच सांधे बसल्यावर कापायचा. खाच आधी, कुसू नंतर. खाचेत बसेल असे कुसू रंध्याने किंवा पटाशीने हळूहळू उतरवता येते, पण मोठी झालेली खाच लहान करता येत नाही. कुसू हाताच्या जोराने अर्धे आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण जावे. पूर्णपणे हाताने गेले तर ते सैल आहे. त्याच्या गालावर रंध्याची साल सरसाने चिकटवून पुन्हा उतरवावे.

खाचांच्याच रेषेत, दोन सूत रुंद आणि तीन सूत खोल खोबण बाजूंच्या आणि मागच्या पट्ट्यांच्या आतल्या कडेला तसेच खांबांना पाडावी. पुढच्या पट्ट्यांना आणि खांबांच्या दाराकडच्या बाजूला खोबण नको. खोबणी रंधा खांबाच्या टोकापर्यंत जातो, त्यामुळे पायाशी तीन इंच खोबण उघडी दिसते. तिच्यात त्याच लाकडाची पट्टी चिकटवून सपाट केली की जागा सापडत नाही.

बाजूचे पॅनेल चार सूत जाड, साडेअकरा इंच रुंद आणि सत्तावीस इंच सात सूत उंच असावे. एवढी रुंद फळी सहसा मिळत नाही, म्हणून दोन फळ्या कडेला कड लावून जोडाव्यात. जोडायच्या दोन्ही कडा एकत्र धरून एकदमच रंधाव्यात आणि सरस लावण्यापूर्वी उजेडाकडे धरून पाहावे. मध्ये उजेड दिसला तर पुन्हा रंधा. सागवानात तेल असते, म्हणून सरस ताज्या रंधलेल्या कडेवरच, आधी स्पिरिटचे फडके फिरवून लावावा. फेव्हिकॉलसारखा पांढरा सरस पुरतो. क्लँप नसतील तर फळ्यांभोवती सुंभाचे फास टाकून त्यात पाचरी ठोकाव्यात, एक दिवसभर हलवू नये. मग पॅनेलच्या चारही कडा मागच्या बाजूने उतरत्या रंधून दोन सुतांवर आणाव्यात, म्हणजे त्या खोबणीत सहज सरकतील.

खांबांमधले अंतर अकरा इंच आणि दोन्ही खोबणी मिळून सहा सूत, अशी जागा पावणेबारा इंच होते. पॅनेल साडेअकरा इंच असल्याने प्रत्येक बाजूला सूतभर मोकळी जागा उरते. कोरड्या दिवसांत बसवलेले पॅनेल पावसाळ्यात फुगते ते याच जागेत. उंचीत लाकूड हलत नसल्यामुळे तेथे नखभर फट पुरते. मागच्या बाजूला सहा मिलिमीटरचे प्लायवूड घालावे. ते दोन सुतांच्या त्याच खोबणीत बसते आणि ऋतूबरोबर हलत नाही. मागेही अस्सल फळ्याच हव्यात असा आग्रह काही जण धरतात. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या पाठीसाठी मला तो खर्च पटत नाही.

पॅनेलांना पॉलिश जोडणीपूर्वी, दोन्ही बाजूंनी आणि कडांसकट करावे. जोडल्यानंतर पॉलिश केले तर पहिल्या उन्हाळ्यात पॅनेल आखडून खोबणीत लपलेली कोरी पट्टी बाहेर डोकावते. एकाच बाजूला पॉलिश केले तर दुसरी बाजू अधिक ओलावा घेते आणि पॅनेल वाकते. मी चपडा लाख वापरतो. एक लिटर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम लाख रात्रभर भिजवून, तलम फडक्यातून गाळून, सुती बोळ्याने पाच-सहा पातळ हात द्यावेत आणि दर दोन हातांनंतर झिजलेला बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवावा. माथ्यावर गरम चहाचा कप किंवा पाणी सांडणार असेल तर लाखेवर डाग पडतो. माथ्याला जवसाचे उकळलेले तेल बरे. मात्र जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात; दोरीवर पसरून पूर्ण कडक वाळवावीत, मगच टाकावीत.

जोडणी दोन दिवसांत करावी. पहिल्या दिवशी डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी: कुसांना सरस, खोबणीला अजिबात नाही, आणि पॅनेलच्या कडांना मेण चोळलेले. ओघळलेला सरस खोबणीत गेला तर पॅनेल जखडते आणि सारा खटाटोप वाया जातो. दुसऱ्या दिवशी पुढच्या-मागच्या पट्ट्या आणि प्लायवूड घालून चारही कोपरे एकदम आवळावेत आणि समोरासमोरचे कोपरे तिरके मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे; नसले तर लांब कर्णाच्या दिशेने क्लँप किंचित तिरका लावून ओढावे. हे सरस ओला असतानाच करायचे असते, म्हणून आदल्या दिवशी सरसाविना एकदा पूर्ण जोडणी करून पाहावी.

तळाची फळी आणि मधला कप्पा आतल्या बाजूला स्क्रूने लावलेल्या पट्ट्यांवर नुसते टेकवावेत. माथ्याची फळी मागच्या पट्टीला साध्या भोकांतून आणि पुढच्या पट्टीला लांबट भोकांतून खालून स्क्रू लावून बसवावी. लांबट भोके पुढे-मागे दिशेने असावीत, म्हणजे फळीला पुढे सरकता आणि मागे येता येईल. माथ्याला सरस लावण्याचा मोह आवरावा.

दारे दोन. उघडी जागा एकवीस इंच रुंद आणि सव्वासत्तावीस इंच उंच. दारांची चौकट दोन इंच रुंद उभ्या पट्ट्यांची, आत तसेच सैल पॅनेल, आणि सांधे तेच. फक्त उभ्या पट्टीतली खाच इंचभर खोल ठेवावी, कारण दाराचा सारा भार या सांध्यावर येतो. दोन्ही दारांच्या चार उभ्या पट्ट्या मिळून आठ इंच लाकूड रुंदीत फुगणारे असते आणि ते पावसाळ्यात जवळपास दोन मिलिमीटर वाढते. म्हणून कोरड्या दिवसांत दार बसवताना दोन्ही कडांच्या आणि मधल्या अशा तीन फटी मिळून दीड सूत जागा ठेवावी. मापण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक फटीत रुपयाचे नाणे सहज जावे. अडीच इंची पितळी बिजागऱ्या घ्याव्यात आणि त्यांची जाडी पटाशीने खाच करून निम्मी दारात, निम्मी खांबात उतरवावी. पितळी स्क्रू मऊ असतात, सागवानात थेट पिळले तर डोके तुटते. आधी बारीक भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करावा, मग मेण लावून पितळी बसवावा.

फडताळ भिंतीला चिकटवून ठेवू नये. पश्चिमेकडच्या भिंतीत पावसाळ्यात ओल उतरते, म्हणून मागे निदान इंचभर जागा असावी आणि पायांच्या टोकांना, जिथे तंतू उघडे असतात, लाखेचे तीन-चार हात द्यावेत. पहिल्या श्रावणात दार कोठे घासते आहे असे वाटले तर लगेच रंधा हाती घेऊ नये. घासणाऱ्या जागी पेन्सिलने खूण करावी, दार किती अडकते ते लिहून ठेवावे, आणि दिवाळीनंतर लाकूड आखडले की तेवढेच, एका सालीपेक्षा जास्त नाही, उतरवून त्या कडेला पुन्हा लाखेचा हात द्यावा.